पुराचा इशारा : उपग्रहापासून उंबरठ्यापर्यंत

(कृष्णा व पंचगंगा काठच्या गावांतील पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्यासाठी पावसाळ्यापूर्वी भरविण्यात आलेल्या प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डोंगर खचून मातीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे त्यात दगावली. ही वार्ता बाहेरच्या जगाला प्रथम कोणी दिली? त्या वेळी आकाशात आपले उपग्रह होते, खेडोपाडी मोबाइल पोहोचला होता, जिल्ह्याच्या ठिकाणी आपत्ती नियंत्रण कक्षही होता. परंतु गाव नाहीसे झाल्याचे बाहेर समजले ते एस. टी. च्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या त्या चालकाला रोज दिसणारे गाव दिसेना, समोर चिखलाचा ढीग दिसला, आणि त्याने ते तातडीने कळविले.

यात यंत्रांची थट्टा करण्याचा हेतू नाही. माहितीला रस्ता लागतो, एवढेच यातून ध्यानात घ्यावयाचे आहे. तो रस्ता दुहेरी आहे. संकट कोसळल्यावर गावाची हाक वर जावी लागते आणि संकट येण्यापूर्वी वरचा इशारा गावात यावा लागतो. आज येथे जमलेली बहुतेक मंडळी नदीकाठची आहेत. डोंगर क्षणात कोसळतो. नदी मात्र काही तास, कित्येकदा काही दिवस देते. त्या तासांचे काय करावयाचे, हाच या विवेचनाचा विषय होय.

दोन वादळांची गोष्ट

नोव्हेंबर १९७७ मध्ये आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर, दिवीसीमा भागात, चक्रीवादळाने व समुद्राच्या लाटेने सुमारे दहा हजार माणसांचा बळी घेतला. पुढे १९८३ साली इन्सॅट-१ बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि वादळाची छायाचित्रे आपल्याला आपल्याच उपग्रहावरून मिळू लागली. किनाऱ्यावरील ठिकाणी उपग्रहावरून थेट इशारा पोहोचविणारे ग्राहक संच बसविण्यात आले. त्या काळाच्या मानाने ही मोठीच प्रगती होती.

तरीही २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले तेव्हा पुन्हा सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळी उपग्रह नव्हता असे नाही. वादळ दिसत होते, इशारे निघत होते. परंतु जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसामा भागातील कुटुंबाने घर सोडून जावयाचे कोठे, कोणी न्यावयाचे, कोणत्या वाटेने न्यावयाचे, याचे उत्तर तयार नव्हते. पुढील चौदा वर्षांत ओडिशाने ते उत्तर तयार केले. स्वतंत्र राज्य प्राधिकरण स्थापन केले, किनाऱ्यावर उंच जोत्यावरील पक्की निवारागृहे बांधली, गावोगावी स्वयंसेवक नेमले व त्यांच्याकडून सराव करून घेतले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ फायलिन हे भयंकर वादळ आले, तेव्हा जवळजवळ दहा लाख लोक आधीच सुरक्षित स्थळी होते. मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. २०१८ साली तेथे किनाऱ्यावर १२२ ठिकाणी भोंग्यांचे मनोरे उभारण्यात आले व ते मध्यवर्ती कक्षातून वाजविण्याची सोय झाली. येथे कामांचा क्रम पाहण्याजोगा आहे. आधी निवारा व स्वयंसेवक आले, भोंगा नंतर आला.

आकडा कोठून येतो

आपल्या राज्यात पावसाच्या मोजमापाचा धडा २६ जुलै २००५ ने दिला. त्या दिवशीच्या चोवीस तासांत मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरातील कुलाबा केंद्रावर अवघा ७३ मिलिमीटर. दोन केंद्रांच्या आधारे एका महानगराचा पाऊस समजत नाही, हे त्या दिवशी जाहीर झाले. त्यानंतर मुंबईत ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, डॉप्लर रडार आले, आणि जून २०२० पासून कोणत्या भागात किती पाणी साचेल याचा अंदाज देणारी ‘आय-फ्लोज’ ही प्रणाली सुरू झाली.

कृष्णा-भीमा खोऱ्यातही जलसंपदा विभागाने अशी व्यवस्था उभी केली आहे. घाटमाथ्यावरील पर्जन्यमापक, नदीवरील पातळीमापक आणि धरणांवरील नोंदी यांची माहिती ठरावीक अंतराने आपोआप मध्यवर्ती संगणकाकडे जाते. पूर्वी बंधाऱ्यावरचा कर्मचारी विजेरीच्या प्रकाशात पट्टीवरील फूट वाचून बिनतारी यंत्रावरून कळवीत असे. त्याचे काम आजही संपलेले नाही, कारण गाळ अडकलेले वा पुरात वाहून गेलेले यंत्र गप्प बसते आणि पट्टी मात्र उभी असते. ढग दाटून आल्यावर साध्या छायाचित्रात जमीन दिसत नाही. परंतु रडार उपग्रह ढगांआडूनही पाणी कोठवर पसरले ते दाखवितात; पूर्वी २०१२ मधील रिसॅट-१ हे काम करीत असे आणि फेब्रुवारी २०२२ मधील ईओएस-०४ ही त्याच प्रकारचा आहे. हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र त्यांवरून पूरग्रस्त भागांचे नकाशे तयार करते.

पाणी राज्याची सीमा मानीत नाही. कोयनेचा विसर्ग, घाटातील पाऊस, वारणा व पंचगंगा यांची आवक आणि खाली कर्नाटकातील अलमट्टीची पाणीपातळी यांचा हिशेब दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांना एकत्रच करावा लागतो. २०१९ च्या महापुरानंतर श्री. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यास समितीने या खोऱ्यातील पुराची सविस्तर छाननी केली. त्या चर्चेत येथे शिरण्याचे कारण नाही. गावाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, या साऱ्या खटाटोपातून शेवटी एक आकडा बाहेर पडतो : इर्विन पूल, इतके फूट, राजाराम बंधारा, इतके फूट.

आकड्याचा अर्थ

सांगलीच्या इर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर हीच मोजणी अनुक्रमे ३९ व ४३ फुटांची. ऑगस्ट २०१९ मध्ये इर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. हे आकडे आता पोराबाळांनाही पाठ झाले आहेत. पण इर्विनला ४८ फूट पाणी आहे, असे मोबाइलवर आल्यानंतर सात-आठ कोस दूर असलेल्या गावातील गृहिणीने त्यातून काय समजावे? तिच्या परसातील विहिरीपर्यंत पाणी येणार की उंबरठ्यापर्यंत? गावचा रस्ता आज रात्री बंद होणार की उद्या दुपारी? याचे उत्तर जिल्ह्याच्या संगणकात नेमकेपणाने मिळेलच असे नाही. ते गावात मात्र असते. जुन्या माणसांच्या स्मरणात असते, देवळाच्या पायरीवर असते, शाळेच्या भिंतीवरील गढूळ रेषेत असते.

नृसिंहवाडीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरील दत्त मंदिरात नदीचे पाणी एका बाजूने शिरून दक्षिण दरवाजाने बाहेर पडते, तेव्हा त्यास दक्षिणद्वार म्हणतात आणि भाविक त्या स्नानासाठी गर्दी करतात. ‘वाडीला दक्षिणद्वार झाले’ असे म्हटले की परिसरातील शेतकऱ्याला फुटांचा आकडा विचारावा लागत नाही. कोणते शिवार पाण्याखाली गेले असेल, कोणत्या वाटेने आता बैलगाडी जाणार नाही, हे तो सांगू शकतो. या मोजपट्टीस कोणी शास्त्रीय उपकरण म्हणणार नाही, परंतु तिच्यावर लोकांचा विश्वास आहे व तिचा अर्थ प्रत्येकास ठाऊक आहे. जिल्ह्याच्या आकड्याला गावोगावी असाच अर्थ मिळवून देणे हे काम राहून गेले आहे.

ते कसे करावे? पंचायतीने आणि शाळेने मिळून एक तक्ता करावा. २००५, २०१९ व २०२१ या तीन महापुरांत पाणी कोठवर आले होते त्या खुणा गावात शोधाव्यात. पुष्कळ ठिकाणी त्या अजून आहेत; काही ठिकाणी मात्र शाळेच्या रंगरंगोटीत त्या पुसल्या गेल्या. भिंत स्वच्छ दिसावी ही मुख्याध्यापकांची इच्छा चुकीची नाही, पण एक हातभर जागा तरी सोडावयास हवी होती. पाया समपातळीत घेण्यासाठी गवंडी जी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तिच्या साहाय्याने ही पातळी एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत नेता येते. सातवी-आठवीचे विद्यार्थी गवंड्याच्या देखरेखीखाली काही दिवसांत सारी गल्ली मोजू शकतील, आणि भूगोलाचा याहून चांगला पाठ कोणता? मग तक्त्यात लिहावे : इर्विनला अमुक फूट असता ओढ्यावरचा पूल बुडतो, त्याहून दोन फूट वाढले की खालच्या आळीतील पहिल्या घराच्या जोत्याला पाणी लागते, आणखी अमुक वाढले की गावाबाहेर जाण्याची शेवटची वाट बंद होते.

यातील शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. लोक घरात पाणी शिरण्याची वाट पाहतात, पण वाट बंद होते ती बहुधा त्याच्या कितीतरी आधी. गाव सोडण्याची वेळ वाटेच्या पातळीवरून ठरवावयाची असते, घराच्या नव्हे.

एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. हा तक्ता एका नदीच्या एका मापावर चालत नाही. २०२१ साली कोल्हापुरात पाणी २०१९ पेक्षाही वर गेले, सांगलीत मात्र ते त्याच्या खाली राहिले. संगमाजवळच्या गावांनी म्हणून दोन्ही नद्यांचे आकडे सोबत लिहावेत, पुढे पाण्याचा फुगवटा असेल तर फरक पडेल हे गृहीत धरावे आणि प्रत्येक पुरानंतर तक्ता सुधारावा. जलसंपदा विभागाच्या शाखा अभियंत्याकडून तो एकदा तपासून घेतल्यास उत्तमच. विभागाने आखलेल्या निळ्या व लाल पूररेषांचा, म्हणजे अनुक्रमे पंचवीस व शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या मर्यादांचा, नकाशा जेथे उपलब्ध आहे तेथे तोही जवळ ठेवावा.

माणसांची यादी, जनावरांची यादी

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी बोट उलटली आणि स्त्रिया व मुले यांसह अनेकांचे प्राण गेले. पाणी वाढत असल्याच्या बातम्या त्यापूर्वी काही दिवस येतच होत्या. त्या गावाला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. कारण इशारा कानावर येऊनही माणूस घर का सोडीत नाही, हा प्रश्न नदीकाठच्या प्रत्येक गावाचा आहे, आणि त्याची कारणे मूर्खपणाची नसतात.

पहिले कारण जनावरे. दावणीला दुभती म्हैस सोडून कोणता शेतकरी शाळेच्या वर्गात जाऊन झोपेल? जनावरांची छावणी कोठे, चारा कोण देणार, म्हशीची धार कोण काढणार, हे ठरलेले नसेल तर घरातला एक पुरुष मागे राहणार. तो राहिला की त्याच्यासाठी भाकरी करावयास आणखी कोणी राहणार. दुसरे कारण मागच्या पुराचा अनुभव. ‘पाच साली पाणी इथपर्यंतच आले होते,’ असे म्हणत थांबलेल्यांना २०१९ मध्ये छपरावर चढावे लागले. तिसरे कारण चोरीची भीती. आणि चौथे कारण घरातील अंथरुणाला खिळलेले वडीलधारे माणूस, ज्यास उचलून नेण्यास चार जण लागतात.

म्हणून गावाची यादी घरवार हवी. आशाताईंच्या नोंदवहीत गरोदर स्त्रिया असतात, अंगणवाडीच्या पटावर लहान मुले असतात, तलाठी, ग्रामसेवक व पोलीस पाटील यांच्याकडे इतर माहिती असते. ती एकत्र कोठेच नसते. एका संगणकात ती एकत्र करणे हे आजच्या काळात तासाभराचे काम आहे. कोणत्या घरात आजारी माणूस, कोणास नियमित डायलिसिस लागते, कोणाच्या गोठ्यात किती जनावरे, कोणाकडे ट्रॅक्टर, कोणाकडे काहिल, कोणास पोहता येते, हे सारे त्यात असावे. ती संगणकात ठेवावीच, पण कागदावर छापून पंचायतीत, शाळेत व पोलीस पाटलांच्या घरी एकेक प्रत ठेवावी. वीज गेल्यावर कागदच वाचता येतो.

यादीवर विसंबण्याचीही मर्यादा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने त्या वेळी विधिमंडळात सांगितले. यादीत नसलेले गाव सुरक्षित असते असा समज करून घेऊ नये. डोंगरात नवी भेग पडली, झरा अचानक गढूळ झाला, झाडे कलू लागली, तर ते कळविण्यासाठी यादीत नाव असावे लागत नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

मोबाइलचा आवाज आणि त्याचे मौन

२०२३ साली देशभर अनेकांचे मोबाइल एकाच वेळी मोठ्याने वाजले व पडद्यावर चाचणी संदेश आला. कित्येकांनी घाबरून शेजाऱ्यास विचारले. ही नव्या प्रक्षेपण पद्धतीची चाचणी होती. नेहमीचा लघुसंदेश एकेका क्रमांकास पाठविला जातो. लाखो क्रमांक असले की तो अडखळतो, आणि परगावचा पाहुणा यादीतच नसतो. या पद्धतीत मनोऱ्याच्या कक्षेत जितके संच असतील त्या सर्वांना तोच संदेश एकदम मिळतो, क्रमांक ठाऊक असण्याची गरज नाही, आणि संदेश मराठीतही देता येतो. ‘सचेत’ या सरकारी व्यवस्थेद्वारे असे इशारे ठरावीक क्षेत्रापुरते देता येतात. विजेच्या बाबतीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे अॅपही आहे. नदी तास देते, वीज मिनिटे देते. शेतात काम करणाऱ्यांपैकी एकाच्या तरी मोबाइलमध्ये ते असावे.

परंतु ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत विजेचे खांब व मोबाइलचे मनोरे निकामी झाले आणि कित्येक गावांचा संपर्क अनेक दिवस तुटला. ज्या घटकेला माहितीची सर्वाधिक गरज, त्याच घटकेला तिचे साधन मुके होते. यासाठी पोलिसांचे बिनतारी संच, हौशी रेडिओचालक, उपग्रह दूरध्वनी यांची नावे व ठिकाणे तालुक्यास ठाऊक हवीत. गावात देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा, त्यास लागणारी बॅटरी आणि जुनी दवंडीही हवी. बॅटरी भरलेली आहे की नाही हे मे महिन्यात पाहावयाचे असते.

आणि अफवा. धरण फुटल्याची बातमी व्हॉट्सअॅपवर एका मिनिटात सारा तालुका ओलांडते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण खरोखरच फुटले आणि पुण्याची वाताहत झाली, म्हणून अशी अफवा ऐकताच लोक धावत सुटतात यात नवल नाही. तिला उत्तर देण्याचा एकच उपाय दिसतो : पूरकाळात गावात एक माणूस, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फळ्यावर आकडा लिहितो, आणि आकडा न बदलला तरी ‘बदल नाही’ असे लिहितो. लोकांना गप्प बसलेल्या फळ्याची भीती वाटते.

येथे शासकीय पत्रकांच्या भाषेविषयी एक गोष्ट प्रांजळपणे सांगावयास हवी. ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ हे वाक्य दरवर्षी निघते. सतर्क राहावे म्हणजे नेमके काय करावे? खिडकीत बसून पाणी पाहावे? हा दोष वाचणाऱ्याचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे. ‘आज सायंकाळी सहापर्यंत इर्विन पुलाजवळ ४६ फूट पाणी अपेक्षित. तुमच्या तक्त्यात ४६ फुटांना वाट बंद होत असेल तर चारच्या आत जनावरांसह निघा,’ असे लिहिता येईल. मात्र त्यासाठी गावात तक्ता असावा लागेल.

प्रशिक्षण संपताना प्रत्येक गावास तक्त्याचा कोरा नमुना दिला जाईल. त्यात पहिला रकाना इर्विनच्या फुटांचा, दुसरा राजाराम बंधाऱ्याचा आणि तिसरा मोठा रकाना रिकामा आहे. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी तो भरून एक प्रत तहसील कार्यालयात द्यावयाची आहे. खुणा सापडत नसतील तर प्रथम गावातील वयोवृद्ध स्त्रियांना विचारावे; चुलीपर्यंत पाणी कोणत्या साली आले होते, हे त्या सहसा विसरत नाहीत.